भात्याची रेघ

माझं काम काय, हे लोकांना समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि उरलेलंही त्यातच जाईल अशी लक्षणं आहेत. ‘ताई, तुम्ही कॉम्प्युटरवर गाणी करता, म्हणजे वाजवतो तर कॉम्प्युटरच ना?’ असं कोणी विचारलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. अरे बाबा, पोळपाट पोळ्या लाटतो का?

अमरावतीला माझ्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या आहेत, दाराला फोम लावलाय, तरी शेजारच्यांची बोअरची मोटर सुरू झाली की आतलं सगळं थरथरतं. मग कुकरच्या शिट्ट्या, मग भंगारवाल्याचा भोंगा. अशा ठिकाणी दिवसा माइक लावून पेटी रेकॉर्ड करणं म्हणजे कपाळमोक्ष. मला तारलं ते मिडीनं. सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरच्या मिडीच्या पट्टीवर आवाज रेकॉर्ड होतच नाही. कीबोर्डवर कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरानं दाबली आणि कधी सोडली, एवढ्याच नोंदी होतात. आवाज मागून द्यायचा. पेटीचा द्या, बासरीचा द्या, नोंदी त्याच. आणि पडद्यावर खाली आणखी एक वेगळी पट्टी असते, तिथं सूर किती फुगला, किती ओसरला याची रेघ उमटते. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेचं गॅदरिंग असो की वरूडच्या कोण्या हौशी गायकाचा भक्तिगीतांचा अल्बम, माझं सगळं काम याच्यावर चालतं.

माझ्या भावाला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आवाजाबिगर रेकॉर्डिंग? म्हंजे जेवनाचा फोटो काढून आनला तू.”

असा माझा भाऊ. अकोल्यात जठारपेठेत राहतो, माझ्याहून बराच मोठा, आणि पेटीवाला. तिथल्या भजन मंडळात दर गुरुवारी पेटीवर तोच बसायचा. नोकरी केली ती पोटासाठी, जगला तो गुरुवारासाठी. लहानपणी त्याला कधी दोन्ही हात पट्ट्यांवर फिरवायचे असले की भाता हलवायला मला बसवायचा. मी जरा इकडेतिकडे पाहिलं की डोक्यात टपली. “भाता झोपला पाह्य. जागा कर त्याले.” मला पेटी शिकायची होती आणि हा मला हवा भरायला बसवतो, याचा मला भयंकर राग यायचा. पण उठून जायचे नाही. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

त्याला लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. पुढे पाय आला, काठी घेऊन चालायला लागला. बोलणंही आलं, अडखळत का होईना. उजव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम करत राहा. त्याने केला, मन लावून केला, उजव्या मुठीत ठेवून डाव्या हातानं दाबून दाबून रबरी चेंडू पार गुळगुळीत झाला. बोटं नाहीच हलली.

आता मंडळाची गोष्ट सांगायला पाहिजे. तिथं पेटी दुसऱ्याच्या स्वाधीन करायची एक रीत आहे. देणारा पेटीवर बसतो, उजव्या हाताचं बोट पहिल्या काळ्या पट्टीवर, काळी एकवर ठेवतो, डाव्यानं भाता हलवतो आणि नुसता सा धरतो. घेणारा त्याला खेटून बसतो. आपलं बोट त्याच पट्टीवर सरकवतो, मग देणाऱ्यानं बोट काढायचं. मग घेणाऱ्याचा डावा हात भात्यावर, आणि देणाऱ्याचा हात बाजूला. या सगळ्यात सा तुटता कामा नये. तुटला, तर पेटी दिली गेली नाही असं मानतात. न तुटता गेला, की देणारा उठतो आणि त्या मंडळात पुन्हा पेटीवर बसत नाही. माझ्या भावाने मिसरूड फुटायच्या वयात ती अशीच घेतली होती.

म्हणजे पेटी द्यायलाही दोन हात लागतात. आणि आमच्या दादाकडे होता एक.

मंडळातले सगळे समजूतदार. खंजिरीवाले आजोबा, मंडळात सगळ्यांत वडील, ते स्वतः घरी येऊन म्हणाले, “बाप्पा, नुसता हात लाव अन् दे. कोन पाहून राहिलं?” पेटी घ्यायची होती ती बाईही ठरलेली होती. फुलं पिकवणाऱ्या घरातली सून, सकाळी झेंडू-शेवंती बाजारात टाकून दुपारी दादाकडे शिकायला यायची, कितीतरी वर्षं. हात चांगला, कान त्याहून चांगला. पण दादा ऐकेना. “हात लावून देली तं थे देनं नाई होय. मले काय भीक घालून राहिले काय तुमी?” आणि तो देत नाही तोवर ती बाई पेटीला शिवायला तयार नाही. झालं. मंडळाचे गुरुवार खंजिरी आणि टाळांवर चालले. पेटी दादाच्या घरी, कापडाखाली.

मग एक दिवस वहिनीचा फोन आला. वहिनी कधी कुरकुर करणारी बाई नाही. म्हणाली, “ताई, हे आता पेटीकडं पाठ करून झोपतात. गुणगुणनं बी बंद झालं. दोन घास खातात अन् उठतात. तुमी या बाई.”

 दादा गप्प बसलेला मी पाहिला आहे, चिडलेला तर रोजच पाहिला आहे. पण तो गुणगुणत नाही, म्हणजे काही खरं नाही. मी लॅपटॉप, छोटा कीबोर्ड आणि वर-खाली ढकलायचा स्लायडर पिशवीत भरला आणि बडनेरा-मूर्तिजापूर करत एसटीनं अकोल्याला गेले. सगळ्या वाटेत मनात एकच हिशेब, याला पुन्हा वाजवायला कसं लावू.

दादा दारातच म्हणाला, “कावून आली?”

“तुले शिकवाले,” मी म्हटलं. तो हसला नाही.

माझा विचार सरळ होता. मिडीत घाई नसते. डाव्या हातानं वाजव, हळू वाजव, एकेक सूर वाजव. मी नंतर त्याचा वेग वाढवीन, चुकलेला सूर उचलून जागेवर ठेवीन. ऐकणाऱ्याला दोन्ही हातांनी वाजवल्यासारखं ऐकू येईल. त्याने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने पदराला हात पुसत नजर खाली घातली, आणि तो माझ्यावर उपकार केल्यासारखा बसला.

आवाजच येईना. दादाचं बोट पट्टीवर नुसतं टेकायचं, पेटीवर टेकायची सवय तशी. पेटीला बोटाच्या जोराशी काही घेणंदेणं नाही, बोट फक्त हवेला दार उघडतं. पण कीबोर्ड जोर मोजतो. हळू टेकलं तर सूर हळू. मी म्हटलं, जोरानं दाब. त्याने दाबलं, तर एक सूर केकाटला आणि पुढचा गेला पाताळात.

“हे पेटी नाई,” तो म्हणाला, “वजनकाटा हाये.”

मी एक कळ दाबून सगळ्या सुरांचा जोर सारखा करून दिला. मग दुसरी कळ दाबून मागेपुढे झालेले सूर तालाच्या रेघांवर नेऊन बसवले. मग वेग वाढवला. आणि त्याचंच आवडतं भजन, त्याच्याच बोटांनी वाजवलेलं, अगदी सुरात, अगदी तालात, खोलीभर वाजलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, जमलं.

दादा म्हणाला, “शाळेतल्यावानी बसवले तू सगळे. कोन वाजवते हे?”

“तू.”

“मी नाई.”

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, तुला काही करायचंच नाही, तुला नुसतं कुढत पडायचं आहे, तर पड. मी एवढी मरमर करत आले आणि तुला तोंड वाकडं करायला लाज नाही वाटत. बरंच काही म्हटलं. लकवा झालेल्या माणसाशी असं बोलू नये हे मलाही कळतं, पण आमच्या घरात प्रेम असंच बोलतात. त्याला उलट बरं वाटलं असावं. आजारी पडल्यापासून कोणी त्याच्याशी भांडलंच नव्हतं.

भांडण झाल्यावर वहिनीने चहा ठेवला. चहा होईपर्यंत मी रागारागात तेच भजन माझ्या हातानं कीबोर्डवर वाजवत बसले, पेटीचा आवाज लावून; रेकॉर्डिंग बंद करायचंही राहून गेलं. दादा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. मी सहज पाहिलं, तर त्याचा डावा हात चादरीवर हलत होता. बोटं जुळलेली, तळवा उभा, पुढे, मागे, थोडा थांबून पुन्हा पुढे. त्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याचा हात भाता हलवत होता.

मी वाजवायची थांबले. हातही थांबला.

मला स्वतःची कीव आली. गेलेल्या हाताच्या मागे आम्ही सगळे धावत होतो, डॉक्टरही, मीही. आणि हा दुसरा हात इथे शाबूत, जन्मभर भाता हलवलेला, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दादानेही नाही.

 मघाशी वाजवलेले माझे सूर पडद्यावर तसेच ठेवले, खालची रेघेची पट्टी उघडली आणि स्लायडर त्याच्या डाव्या हाताखाली सरकवला. “हे वर ढकललं की हवा येते,” मी सांगितलं. “बोटं माही हायेत. भाता तू मार.”

“भाता मारायचा नसते व. भाता देतात.” पण हात ठेवला.

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा त्याला स्लायडरचा अंदाज आला. तिसऱ्यांदा मी पडद्यावर पाहतच राहिले. इतकी वर्षं मी ही रेघ माऊसनं काढत आले, आणि माझी रेघ नेहमी सुरानंतर फुगायची. आधी सूर, मग हवा. दादाची रेघ सूर यायच्या आधीच वर चढायची. बोट पट्टीवर येतं तेव्हा हवा दारात उभी असायची. आणि पुढचा सूर यायच्या जरा आधी रेघ उतरायची, म्हणून पुढच्याला जागा मिळायची. सगळे चढउतार वेगळे, वखरलेल्या वावरातल्या ढेकळांसारखे. त्याच माझ्या निर्जीव बोटांखालून त्याची पेटी वाजत होती.

वहिनी चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थबकली. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणाली, “अहो, वाजवली तुमी?”

 दादाला रडू आलं होतं, आणि उजव्या हातानं डोळे पुसायला गेला तर हात उठला नाही. मग वहिनीनेच पुसले.

त्या मुक्कामात आम्ही पुष्कळ भजनं केली. बोटं माझी, भाता त्याचा. तो जेवायला लागला. मला टपल्याही बसायला लागल्या. मला वाटलं, सुटला प्रश्न, आणि उत्साहाच्या भरात मीच म्हटलं, “दादा, पेटी द्यायचं बी होते मंग. मी कॉम्प्युटरवर सा धरून ठेवतो. कधीच तुटनार नाई. तिनं त्याच्यात आपला सूर मिळवायचा.” मिडीत तसं होतं. पट्टी दाबल्याची नोंद झाली आणि सोडल्याची झालीच नाही, तर सूर वाजतच राहतो, बंद करेपर्यंत. कधीकधी कीबोर्डची तार सैल असली तर आपोआपही होतं, आणि घरभर धावपळ उडते.

दादाने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “त्याले धरलं कोनं?”

“कोनीच नाई. तेच तं.”

“ज्यानं धरलंच नाई, तो सोडन काय अन् देईन काय?”

 मग तोच म्हणाला, “भाता माहा हाये. काळी एकवर बोट तू ठेव. गुरुवारी देऊन टाकतो.”

हे मला नको होतं. याला पुन्हा वाजवायला लावायला मी आले होते, आणि हा देऊन टाकायचं म्हणतो. मी म्हटलं, आता कुठे सुरू झालं, आता कशाला देतोस. तो म्हणाला, “आता देता येते म्हनून देतो. आंधी तं देता बी येत नोतं.”

खंजिरीवाल्या आजोबांना विचारलं, हे रीतीत बसतं का. ते खंजिरीच्या कडेवर बोट फिरवत बसले थोडा वेळ. “भाता त्याचा, मंग सूर त्याचाच,” म्हणाले.

गुरुवारी दादाने धुतलेला पायजमा-शर्ट घातला. पेटी रिक्षात माझ्या मांडीवर होती, त्याचा डावा हात तिच्यावर. मंडळात सगळे आधीच येऊन बसले होते. दादा पेटीमागे बसला. त्याच्या उजवीकडे, गेलेल्या हाताच्या बाजूला, मी. माझ्या पलीकडे ती फुलांच्या घरातली बाई, डोक्यावर पदर घेऊन.  

दादाने भाता उघडला. हवा आधी आली, मग मी बोट ठेवलं. सा लागला.

तिचं बोट माझ्या बोटाला लागून पट्टीवर आलं, मी माझं काढून घेतलं. सा तसाच होता. मी मागे सरकले, ती पुढे आली, आणि वाकून तिने डावा हात भात्यावर नेला, दादाच्या हाताला लागून ठेवला. आता त्याने हात काढायचा.

त्याने काढला नाही.

सा चालला होता. भाता पुढे, मागे, त्या दोघांचे हात एकावर एक. आजोबांची खंजिरी हातात उभी होती.  मला वाटलं, नाही होणार याच्याच्यानं, आणि मनातल्या मनात मी म्हटलं, नको सोडूस. मंडळ गेलं खड्ड्यात, रीत गेली खड्ड्यात, नको सोडूस. ती बाई हळूच म्हणाली, “काका, राहू द्या ना. बसा तुमी.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. “हवा आंधी,” म्हणाला. “बोट मांगून. ध्यानात ठेवजो.” आणि हात काढून घेतला.

सूर किंचित खाली बसला, आणि तुटला नाही. त्याची रेघ काढली असती तर तो खळगा मला दाखवता आला असता. आजोबांनी खंजिरीवर थाप मारली. दादाला मी उठवलं, टाळवाल्यांच्या मागे नेऊन बसवलं. सगळं भजन होईपर्यंत मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होते. तो मांडीवर पडून होता, हलला नाही. दादा ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मी निघायची आवराआवर करत होते. लॅपटॉप बंद करणार तर दादा म्हणाला, “थांब. थे जे केलं आपन, त्याच्यातली बोटं काढता येतात काय?”

“म्हंजे?”

“तुही बोटं काढून टाक. भाता ठेव.”

मी म्हटलं, दादा, मग त्यात आवाजच राहणार नाही. नुसती रेघ राहील. सूरच नाहीत तर फुगणार काय? ऐकू काहीच यायचं नाही.

“मले मालूम हाये. काल जिनं पेटी घेतली, तिले दे थे. तिच्या घरी कॉम्प्युटर हाये, तुहा कीबोर्ड बी ठेवून जा. बोटं तिनं ठेवावं. तिले समजत नाई तोवर भाता माहा राहीन. समजला का मंग पुसून टाकजो म्हन.”

मी एकेका भजनातले माझे सगळे सूर निवडले आणि पुसले. पडद्यावरची पट्टी रिकामी झाली. खाली त्याची रेघ तेवढी उरली. तो म्हणाला, लाव. मी लावलं. स्पीकर सुरू होता आणि खोलीत काहीही वाजत नव्हतं, वहिनीच्या लाटण्याचा आवाज तेवढा स्वयंपाकघरातून येत होता. पडद्यावर रेघ चढत होती, उतरत होती, जरा थांबून पुन्हा चढत होती. दादा भजन संपेपर्यंत समोर बसून राहिला. कुठे काय चाललंय ते त्याला कळत होतं, एका ठिकाणी त्याने मानही डोलवली.

कीबोर्ड आणि ती रेघ मी त्या बाईकडे ठेवून आले. आता गुरुवारी भजन सुरू झालं की वहिनी कधीकधी फोन लावून नुसता समोर धरते, बोलत काही नाही. मी गच्चीवरच्या खोलीत सगळं बंद करून कानाला लावते. आधी टाळांची किणकिण, कोणाचं तरी बोलणं. मग पेटीचा भाता उघडल्याचा आवाज येतो, सूर यायच्या जरा आधी.

परवा मी वहिनीला विचारलं, त्या बाईने ती रेघ पुसली का गं. वहिनी म्हणाली, “तिनं विचारलं होतं यायले, तुमच्या दादाले, पुसू काय म्हनून. यायनं तिची पेटी ऐकली अन् म्हनलं, पुस.”